तिथ बघून निघालेला वर्ग: ऐरोलीच्या खाडीकाठचं एक प्रकरण

आमच्या शाळेत व्हीआर हेडसेट आले त्या दिवशी नववीच्या मुलांना जागेवर बसवून ठेवणं कठीण झालं होतं. एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीतून आलेले मोजके हेडसेट, सोबत एक प्रशिक्षक आणि प्रवाळांवरची छोटी फिल्म. मुलं आळीपाळीनं यंत्र डोळ्यांवर चढवत होती, हवेत हात मारत होती, कासव जवळून गेलं की ओरडत होती. एका मुलीनं हेडसेट काढला आणि बराच वेळ ती कुणाशी बोललीच नाही. मला फार बरं वाटलं. मी विज्ञान शिकवते. समुद्राचा धडा शिकवताना वर्गात अशी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी सहज विचारलं, ‘आपल्या शाळेपासून समुद्र किती लांब?’ कुणी गिरगाव चौपाटी म्हणालं, कुणी जुहू, एकानं थेट अलिबाग गाठलं. दीड तास, दोन तास, ट्रॅफिक असेल तर अडीच. शाळेच्या मागच्या रस्त्यानं पंधरा मिनिटं चाललं की ठाण्याची खाडी लागते, हे एकाच्याही तोंडून आलं नाही. शेवटी मीच खाडीचं नाव काढलं, तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘बाई, ती खाडी आहे, समुद्र नाही. तिथे वास येतो.’ वर्ग हसला. दिवा कोळीवाड्यातून येणारा एक मुलगा तेवढा हसला नाही. तो वहीच्या कोपऱ्यात पेन फिरवत राहिला. त्याचे वडील त्याच खाडीत जाळं टाकतात, हे मला पुढे तीन आठवड्यांनी कळलं.

मुलांना समुद्राची ओढ लागावी म्हणून त्यांना त्यात पुरतं बुडवून शिकवायचं, डोळे-कान भरून टाकायचे, हा विचार आता शाळांमध्ये रुजतो आहे. मला तो पटतो, आजही पटतो. पण आमच्या मुलांचा जीव जडला तो त्यांना ज्याच्या वेळा पाळाव्या लागल्या त्या पाण्यावर. हे कसं झालं आणि मध्ये माझं काय चुकलं, ते इथे लिहिते आहे. दुसऱ्या कुठल्या शाळेच्या उपयोगी पडलं तर आनंदच आहे.

दारातली खाडी

आधी जागेबद्दल. ठाण्याची खाडी साधारण २६ किलोमीटर लांब आहे. दक्षिणेला ती मुंबई बंदरात उघडते आणि तिथून पुढे अरबी समुद्र. उत्तरेला ठाण्याजवळ एका अरुंद पट्ट्यानं ती उल्हास नदीशी जोडलेली आहे. पावसाळा सोडला तर तिला गोडं पाणी फारसं मिळत नाही. म्हणजे ऐरोलीच्या चिखलावर दिवसातून दोनदा चढतं ते समुद्राचंच पाणी, वाटेत आपण सोडलेलं सांडपाणी घेऊन आलेलं. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधल्या भागात २०१५ साली रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाली. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत इथे छोटे आणि मोठे रोहित उतरतात, काही हंगामांत लाखाच्या वर. खुद्द ऐरोलीतच वनविभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि भरतीच्या वेळी तिथून रोहित दाखवायला बोटी सुटतात.

एवढं सगळं दारात असून मुलांच्या ओळखीचं एकच दृश्य होतं: लोकल वाशीच्या पुलावर आली की प्लास्टिकच्या पिशवीतलं निर्माल्य खाली सोडणारे हात.

चुकलेला शनिवार

मुख्याध्यापकांनी महिन्याचा दुसरा शनिवार दिला. मी तयारीला लागले. पालकांची परवानगीपत्रं, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, प्रथमोपचाराची पेटी, सोबत दोन आया. अभयारण्याच्या हद्दीत किंवा कांदळवनात (मॅन्ग्रोव्हच्या जंगलात) परवानगीशिवाय शिरायचं नव्हतं, म्हणून जेट्टी आणि तिच्या लगतचा बांध एवढीच जागा ठरवली होती. वर्कशीटही छापून घेतली होती, पहिलाच प्रश्न ‘खेकड्यांची बिळं मोजा’.

दहा वाजता पोचलो तर समोर नुसतं पाणी. चिखल नाही, बिळं नाहीत, मुळं नाहीत. कांदळवनातल्या तिवरांचे शेंडे तेवढे पाण्यावर डोलत होते. मुलांनी पाच मिनिटं पाण्याकडे पाहिलं, मग एकमेकांच्या बाटल्या पळवायला सुरुवात केली. भरती-ओहोटी मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आले आहे. चंद्र, पृथ्वी, बाण, सगळं. आणि निघण्याआधी आज भरती कधी आहे हे बघावं, एवढं मला सुचलं नव्हतं.

जेट्टीवर एक आजी सुकट निवडत बसल्या होत्या. आमची फजिती त्यांच्या लक्षात आली. हात न थांबवता त्या म्हणाल्या, ‘तिथ बघूनशी यायचा गो बाय. वार बघून नाय.’

तेव्हा तो कोळीवाड्यातला मुलगा माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाला, ‘बाई, ती माझी आजी आहे.’

पाऊणपट

आजींना मी शाळेत बोलावलं. त्या यायला तयार नव्हत्या. ‘मी काय शिकवनार पोरांना?’ असं दोनदा म्हणाल्या. आल्या त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, आणि खुर्चीवर बसल्या तरी पदर सावरत राहिल्या. मग एकदा बोलायला लागल्यावर मात्र तास कसा संपला ते कळलं नाही.

त्यांचा हिशेब सोपा होता. जी तिथ, म्हणजे तिथी, असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पुरी भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसाही तेच, रात्रीही साधारण तेच. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी ना धड वर येत ना धड खाली जात. किनाऱ्यावर हा हिशेब कित्येक पिढ्यांच्या तोंडी आहे. वर्गात मात्र तो कुणाला ठाऊक नव्हता, आणि मलाही नाही.

मुलांनी घरच्या कॅलेंडरवरून तिथी उतरवल्या, पाऊणपट काढली आणि मुंबईच्या छापील भरती-तक्त्याशी ताडून पाहिली. सुरुवातीच्या तिथींना दोन्ही वेळा जवळपास जुळत होत्या. पौर्णिमेकडे जावं तसतसा फरक वाढत होता, अगदी पाऊण तासापर्यंत. कुणाचं चुकलं यावर दोन दिवस वाद चालला. मग एका मुलीनं फळ्यावर मांडलं: अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत भरतीची वेळ बारा तास सरकते. बारा तास म्हणजे ७२० मिनिटं, तिथी १५. म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. आजींची पाऊण म्हणजे ४५. तिथीला तीन मिनिटं कमी पडतात, पंधरा तिथींत ती पंचेचाळीस होतात.

एवढा देखणा तास माझ्या हातून कधी झाला नव्हता, आणि यात माझा हात नव्हताच. मुलं ही दुरुस्ती आजींना सांगायला घरी गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘तीन मिन्टांनी होरी रुतत नाय.’ होरी म्हणजे छोटी होडी. मुलांनी दोन्ही वेळा ठेवायचं ठरवलं. त्या आठवड्यापासून शाळेच्या दर्शनी फळ्यावर सुविचाराशेजारी रोज दोन ओळी येऊ लागल्या: आजीची भरती, आमची भरती.

वेळापत्रकही बदललं. दुसरा शनिवार गेला. ज्या रविवारी तृतीया किंवा चतुर्थी असेल, शुद्ध असो वा वद्य, त्या रविवारी निघायचं. त्या तिथींना सकाळी साडेआठ-नऊला पुरी ओहोटी असते, उधाणाचा जोरही ओसरलेला नसतो, त्यामुळे चिखल दूरवर उघडा पडतो. असे रविवार महिन्याला एखादाच येतात, कधी येतही नाहीत. मुलं पुढचा रविवार स्वतः शोधायची आणि मला येऊन सांगायची.

चिखलाकाठी

पहिल्या खऱ्या फेरीत मी वर्कशीट नेलीच नाही. बांधाला लागून असलेल्या तिवराच्या फांदीवरचं, भरतीच्या रेषेच्या बरंच वरचं एक पान दाखवलं. पानावर पांढरट पूड होती. ‘काय असेल?’ धूळ, किडीची अंडी, कुठल्या तरी फवारणीची पावडर, असे अंदाज निघाले. मग म्हटलं, जिभेचं टोक लावून बघा, आणि लगेच चूळ भरा. आधी कुणी धजेना. एकानं लावलं. त्याचा चेहरा आक्रसला आणि मग डोळे मोठे झाले. ‘बाई, मीठ!’ त्यानंतर सगळा वर्ग त्या झाडाभोवती. तिवर मुळांवाटे खारं पाणी घेतं आणि जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं, हे वाक्य पुस्तकात दीड ओळीचं आहे. त्या दिवशी ते मुलांच्या जिभेवर होतं.

वासाचा प्रश्न मी टाळला नाही. उलट तिथे उभं राहून मुलांना तो नीट घ्यायला लावला. उघड्या चिखलाचा वास सडक्या अंड्यासारखा येतो, कारण त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडतो. हा खाडीचा स्वतःचा वास. पण शंभर पावलांवर जिथे नाला खाडीला मिळतो, तिथला वास वेगळा, साबणाचा, संडासाचा, कुजलेल्या अन्नाचा. मुलं दोन्हीकडे येरझाऱ्या घालून वास ओळखायला शिकली. ‘हा तिचा, हा आपला,’ एक मुलगी म्हणाली. पुढे वर्षभर हे दोन शब्द आमच्यात राहिले.

प्राणवायू नाही म्हणूनच तिवराची मुळं पेन्सिलीसारखी चिखलातून वर येतात आणि श्वास घेतात, हे मग समजावून सांगावं लागलं नाही. मुलांनीच जोडलं.

आणि निवटी. चिखलावर काहीतरी टुणकन उडालं, मुलं म्हणाली बेडूक. निवटी हा मासा आहे, पण ओहोटीला पाण्याबाहेर राहतो, पुढच्या परांवर अंग रेटत चिखलावरून चालतो, आणि त्याचे डोळे असतात डोक्याच्या वरच्या बाजूला. आम्ही वीस मिनिटं हलल्याशिवाय बसलो तेव्हा बांधापासून दोन हातांवर एक निवटी बिळातून वर आली. तिनं एकेक डोळा आत ओढून ओला केला, पुन्हा बाहेर काढला. कुणी श्वासही मोठ्यानं घेत नव्हतं. मला हेडसेटचा दिवस आठवला. शांतता तशीच होती, फक्त ही संपवायला बटण नव्हतं.

परतताना तो कोळीवाड्यातला मुलगा म्हणाला, ‘आमच्याकडे निवट्यांचं कालवण करतात.’ दोघा-तिघांच्या तोंडून ‘ई’ निघालं. त्यावर तो पहिल्यांदाच सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात बोलला, ‘कोलंबी खाता ना? ती पण लहानपणी इथेच वाढते. ह्याच मुळांत.’ त्याचं बरोबर होतं. कोलंबीची आणि कितीतरी माशांची पिल्लं कांदळवनाच्या आडोशाला मोठी होतात आणि मग खुल्या पाण्यात जातात. मी त्याला पुढच्या तासाला हेच फळ्यावर काढायला सांगितलं. समुद्र वाचवायच्या गोष्टी करताना त्यावर पोट असलेली माणसं आपण चित्राबाहेर ठेवतो, आणि मग त्यांची मुलं वर्गात मान खाली घालून बसतात. हे माझ्या वर्गात होत होतं आणि मला दिसलं नव्हतं, याचं वाईट आजही वाटतं.

साफसफाईची चूक

तिसऱ्या फेरीनंतर मुलांनीच साफसफाईचा हट्ट धरला. मी उत्साहानं हो म्हटलं. वनरक्षकांच्या परवानगीनं, ते सोबत असताना, बांधालगतच्या पट्ट्यात उतरलो. हातमोजे, गोण्या, फोटो. दोन तासांत गोण्यांचा ढीग लागला. दूध-पिशव्या, थर्माकोल, चपला, देवांच्या तसबिरींच्या चौकटी, निर्माल्याच्या गाठोड्यांमागून गाठोडी. सगळे खूश होते.

बांधावर चढून मागे पाहिलं तेव्हा त्या मुलाचे वडील कमरेवर हात ठेवून उभे होते. ते रागावले नाहीत. चिखलात उतरले आणि मोडून आडवी झालेली श्वासाची मुळं दोन्ही हातांनी उचलून त्यांनी मुलांसमोर धरली. आम्ही जिथे जिथे पाय दिला होता तिथे ती तुटली होती. मुळांना गुंडाळलेली प्लास्टिकं मुलांनी जोर लावून ओढली होती, त्यांच्यासोबत मुळंही उपटून आली होती. प्लास्टिकनं मुळं गुदमरतात म्हणून ते काढायला उतरलेलो आम्ही, आणि आम्हीच ती तुडवली.

एक मुलगी रडली. मी तिला ‘जाऊ दे’ म्हटलं नाही, कारण ते जाऊ देण्यासारखं नव्हतं. पुढच्या तासाला चूक कुठे झाली ते आम्ही एकत्र लिहून काढलं, आणि ती वाक्यं मुलांच्या शब्दांत आजही वर्गात लावलेली आहेत. आता आम्ही बांधावरून हाताला येईल तेवढंच काढतो. मुळांत अडकलेलं ओढत नाही, कात्रीनं कापून सोडवतो. बाकीचं खाडीतल्या माणसांवर सोपवतो, त्यांना पाय कुठे द्यायचा ते कळतं. गोण्या कमी भरतात. जास्तीचा वेळ मुलं आलेला कचरा कुठून आला ते नोंदवण्यात घालवतात, आणि त्यातून सोसायट्यांमध्ये निर्माल्य कलशाचा आग्रह धरणारी चार-पाच घरं तरी तयार झाली.

दोन काठ्या

या साऱ्या प्रकरणात मला सर्वात मोलाचं वाटतं ते पुढचं. एका रस्त्याखालून मोरी जाते. मोरीच्या खाडीकडच्या बाजूची तिवरं हिरवीगार, आतल्या बाजूची पिवळी, काही तर वाळलेली. येता-जाता सगळ्यांना दिसणारी गोष्ट. मुलांनी विचारलं, असं का? मी म्हटलं, मोजून बघूया.

वनरक्षकांना विचारून मोरीच्या दोन्ही तोंडांशी एकेक बांबू रोवला. बांबूवर दर दहा सेंटीमीटरला लाल ऑइलपेंटचा पट्टा. उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास येते, आमच्या वरच्या खाडीत थोडी आणखी उशिरा. म्हणजे सकाळची शाळा सुटते नेमकी तेव्हा. चार-चार मुलांची पाळी लागली, दोघं बाहेरच्या काठीशी, दोघं आतल्या, सोबत एक मोठं माणूस. दर दहा मिनिटांनी पट्टे वाचायचे.

पहिल्याच पौर्णिमेला बाहेरच्या काठीवर पाणी सहा पट्टे चढलं. आतल्या काठीवर एक. मोरीत राडारोडा आणि कचरा अडकला होता, भरतीचं पाणी आत पोचतच नव्हतं. तिवराला खारं पाणी सोसतं एवढंच नाही, त्याला पाण्याचं येणंजाणं लागतं. ते थांबलं की झाड उभ्यानं सुकतं.

मुलांनी सलग पाच उधाणांच्या नोंदी घेतल्या, आलेख काढले, वहीच्या झेरॉक्स जोडून अर्ज लिहिला. त्याआधी मी त्यांना मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाबद्दल सांगितलं होतं. कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर, म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २१ वर आघात आहे असं त्या निकालात म्हटलं आहे, आणि कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितलं आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना आपल्या मागणीला कायद्याची पाठ आहे हे कळलं की त्यांची भाषा बदलते. अर्जात ‘कृपया’ एकदाच होतं, आकडे दोन पानं होते.

पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्याची पोच मिळाली. मे अखेरीस एक यंत्र आलं आणि मोरीचं तोंड मोकळं करून गेलं. आमच्या अर्जामुळे आलं की पावसाळ्याआधीच्या नालेसफाईत, ते सांगता येणार नाही, आणि मुलांनाही मी तसंच सांगितलं.

जे झालं नाही

नाला अजून तसाच खाडीला मिळतो. त्याचा वास मुलांच्या हातात नाही, माझ्याही नाही. दोन पालकांनी ‘चिखलात पाठवायला शाळेत घातलेलं नाही’ म्हणून मुलांना काढून घेतलं. त्यांना मी पटवू शकले नाही. मुलींसाठी जवळपास स्वच्छतागृह नाही म्हणून दोन फेऱ्या अर्ध्यावर सोडाव्या लागल्या. हे आधी पाहायला हवं होतं, ज्या कुणाला असं काही सुरू करायचं असेल त्यांनी सर्वात आधी तेच पाहावं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, पाऊसही असतो, तेव्हा आमचंही बंद. आणि काही मुलांना हे कधीच आवडलं नाही. ती येत होती, वही भरत होती, एवढंच.

हेडसेट मात्र आम्ही परत काढले, वर्ष संपताना. तीच फिल्म, तीच मुलं. या वेळी प्रश्न आले. ‘इथे भरती किती मीटर चढते?’ ‘ओहोटीला हे प्रवाळ उघडं पडतं का?’ ‘आपल्याकडे आहे का असं?’ आहे, म्हटलं. सिंधुदुर्गात मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे आहे. आणि मुंबईतही आहे. कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचं प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावं लागलं. ‘हाजी अलीला?’ म्हणत पहिल्या वेळी गप्प झालेली ती मुलगी उठून उभी राहिली. पुढच्या पौर्णिमेला ओहोटी किती वाजता, हे तिनं लगेच मनातल्या मनात काढलं.

ती मुलं आता दहावी ओलांडून गेली. काठ्या नव्या नववीकडे आहेत. बाहेरची एकदा कुणीतरी उपटून नेली, नवी रोवली. आतल्या काठीवर गेल्या अमावास्येला पाणी चार पट्टे चढलं. मोरीच्या आतल्या तोंडाशी, वाळलेल्या झाडांच्या मध्ये, तिवराची काही रोपं आली आहेत, वीतभर उंचीची. मोजताना त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून मुलांनी भोवती काटक्या लावल्या आहेत.

आज फळ्यावर आहे: शुद्ध पंचमी. आजीची भरती पावणेचार, आमची चार.